दार कुणाचं?

नानांनी आयुष्यात किती कुलपं उघडली ते कुणालाच ठाऊक नाही. पण त्यांच्या भागात अशी बोलवा होती की नाना जिन्यात नुसते खाकरले तरी तिसऱ्या मजल्यावरचं लॅच आपणहून सैल पडतं. एकदा म्हणे एका बँकेची तिजोरी अडकली म्हणून त्यांना बोलावलं. मॅनेजरला शिंक आली, त्याने रुमाल काढला, नाक पुसलं, आणि रुमाल खिशात जाईपर्यंत नाना हात झटकून चहाची वाट बघत बसलेले. यातलं निम्मं खोटं आहे. पण कुठलं निम्मं ते सांगायला नानाच हवेत, आणि नानांना आता सकाळी काय खाल्लं तेसुद्धा सांगता येत नव्हतं.

खरं होतं ते एवढंच: डोक्यातून वार गेले, माणसं गेली, बायको जाऊन नऊ वर्षं झाली हेही गेलं, पण बोटांतलं रेसभर काही गेलं नाही. धाकटीच्या जिवाला घोर लागला होता तो याच बोटांचा.

धाकटी म्हणजे नानांची मुलगी. एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. दिवसभर परक्यांच्या बरगड्यांत डोकावणारी बाई, पण बापाच्या कवटीत काय चाललंय त्याचा तिला पत्ता नव्हता. महिन्याभरात नाना तीनदा घराबाहेर पडले होते. पहिल्यांदा तिने कडी बदलली. दुसऱ्यांदा नवंकोरं कुलूप आणलं. दुकानदार म्हणाला, हे चोराच्या बापालाही उघडायचं नाही. चोराच्या बापाचं माहीत नाही, धाकटीच्या बापाला चमच्याचं दांडकं पुरलं. तिसऱ्यांदा ते सापडले चौपदरी रस्त्याच्या मधोमध. ट्रकला हात करून थांबवलेला, आणि ड्रायव्हरशी काहीतरी विचारपूस चाललेली. ट्रकच्या पुढच्या चाकात आणि नानांच्या चपलेत वीतभर अंतर होतं. ती वीत तेव्हापासून धाकटीला कुठेही दिसायची, ताट आणि वाटीच्या मध्येसुद्धा.

तिची रजा रविवारी संपत होती. सोमवारी सकाळी आठ वाजता नाना घरात एकटे राहणार, आणि गल्लीच्या तोंडाशी तोच रस्ता. त्याआधी म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारं कुठलं तरी होम ठरायलाच हवं होतं.

दुसऱ्या शहरातल्या दादाला तिने फोन लावला.

"चांगलंसं बघून टाक गं," दादा म्हणाला. "तुझी पारख पहिल्यापासून चांगली."

"तुझ्या लग्नाच्या वेळी कुठे गेली होती रे माझी पारख? तेव्हा तर गप्प बस म्हणालास."

दादाला नेमका त्याच वेळी दुसरा फोन आला.

पहिल्या होमचा व्यवस्थापक इस्त्रीच्या कपड्यांतला, हसतमुख. दाराशेजारी अंकांची बटणं होती. बरोबर आकडे दाबल्याशिवाय दार ढिम्म हलायचं नाही. "आजवर इथून एकही जण आपल्या पायांनी बाहेर पडलेला नाही," तो म्हणाला. हे बोलणं जरा भलत्याच अर्थाने जातंय हे त्याच्या लक्षात आलं नाही. धाकटीला मात्र ऐकून एवढं बरं वाटलं की ती त्याच्यामागे गाद्या बघायला गेली. नाना बटणांपाशीच राहिले. दहा बटणांतल्या चारांवरचे आकडे बोटं लागून लागून पुसट झाले होते. व्यवस्थापक तिसरी गादी दाबून दाखवत होता तोवर दार सताड उघडं. नाना फाटकाबाहेर पोस्टमनला अडवून उभे, आणि त्यांच्यामागे सात आज्या आणि एक आजोबा. हे आजोबा चार वर्षांत खुर्चीतून उठले नव्हते असं म्हणतात. त्या दिवशी मात्र त्यांना धरायला दोघं धावले.

"हे पूर्वी करायचे काय?" व्यवस्थापकाने घाम पुसत विचारलं.

धाकटीने खरं ते सांगितलं. त्याने फॉर्म तिच्या हातात परत दिला आणि पुन्हा हसला नाही.

म्हणून शनिवारी दुसऱ्या होममध्ये, जिथे फॉर्मवर 'पूर्वीचा व्यवसाय' असं छापलं होतं, तिथे तिने लिहिलं: किरकोळ दुरुस्त्या.

हे होम बैठं होतं. लांबच लांब व्हरांडा, धुतलेल्या चादरींचा वास, आणि बुटक्या भिंतीपलीकडे रस्ता. घरापुढचा होता त्याहून रुंद. तिथल्या मोठ्या सिस्टर अंगाने भरभक्कम, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. सगळं होम त्यांच्या आवाजावर चालत होतं.

"दार बंद असतं ना?" धाकटीने विचारलं.

"असतं की."

"म्हणजे कायम?"

"ताई, पुन्हा पुन्हा तेच विचारताय. तुमचे वडील काय पळपुटे आहेत का?"

"छे हो," धाकटी म्हणाली. "ते आपले शांत असतात. एका जागी."

सांगून टाकावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण सांगितलं तर सोमवार, आणि नाही सांगितलं तर ही बुटकी भिंत. तिने फॉर्म पुढे सरकवला. तेव्हा तिला दिसलं की फॉर्मची पानं सुटी झालीत. वरची तारेची क्लिप गायब होती. नाना बसले होते ती खुर्चीही रिकामी होती.

ती उठली ती धावतच सुटली. व्हरांड्याच्या टोकाला दार उघडं होतं आणि त्यातून रस्त्याचा आवाज आत येत होता. पण नाना अजून गेले नव्हते. उंबऱ्याशी, दाराकडे पाठ करून, हात मागे बांधून ताठ उभे होते. बोटांत वाकवलेली क्लिप. धाकटी झडप घालून त्यांचा दंड धरणार, तोच सिस्टरनी तिचा दंड धरला.

"थांबा. घाबरवू नका." मग त्या सावकाश पुढे झाल्या. "काय आजोबा, काय चाललंय?"

"दार उघडून दिलंय," नाना म्हणाले. "मालक यायचेत."

"मग पाठ करून का उभे?"

नानांनी त्यांच्याकडे शिकाऊ पोरीकडे बघावं तसं बघितलं. "अहो बाई, कुलूपवाल्याने उघडलेल्या दारातून बघायचं नसतं. पलीकडे लोकांचा संसार असतो. मालकाने यायचं, माझं आहे म्हणायचं, दारातून जायचं. मग आपण सुटलो."

"आणि मालक आलाच नाही तर?"

"येत नाहीत हल्ली," नाना काळजीने म्हणाले. "मग शोधावा लागतो. उघडं दार टाकून घरी कसं जाणार? चोरी झाली तर नाव कुणाचं?" त्यांनी एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला. "थोडं थांबतो. मग बघतो बाहेर कुणी आहे का."

धाकटीला चौपदरी रस्ता आठवला. त्या दिवशी ट्रकवाला तिला सांगत होता, 'म्हातारा विचारतोय, दार तुमचं का? मी म्हटलं, ट्रकचं म्हणतोस तर होय.' तिने ते भ्रमातलं बोलणं म्हणून सोडून दिलं होतं. महिनाभर ती कुलपं बदलत होती आणि महिनाभर हा माणूस गिऱ्हाईक शोधत होता. जितकी कुलपं जास्त, तितकं त्याला काम जास्त.

"सिस्टर, मी खोटं लिहिलं," ती म्हणाली. "किरकोळ दुरुस्त्या नाहीत. चाळीस वर्षं कुलपं उघडली त्यांनी."

"ते दिसलं मला. माझं कुलूप कागदाच्या क्लिपने उघडल्यावर त्याला किरकोळ कोण म्हणेल?" सिस्टरांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच लागला. "पहिल्याच पानावर खोटं, तर पुढची पानं मी कशी खरी धरायची? आज तुम्ही होतात. उद्या मी कुणाला तरी अंघोळ घालत असेन आणि हे भिंतीपलीकडे."

धाकटीला विनवणी करायची होती. पण तोंडून निघालं ते वेगळंच. "दाराशी बसतं कोण?"

"कुणी नाही. बंद दाराला माणूस कशाला?"

"कुणीतरी बसलं, आणि यांनी उघडल्यावर 'माझं आहे' म्हणालं, तर हे जाणार नाहीत."

सिस्टरनी अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि तिच्या टोकाने डोकं खाजवलं. "भाजी चिरणाऱ्या काकू आहेत. कुठे बसून चिरायची ते विळीला सारखंच. दुपारनंतर फोन घेणारी मुलगी. पण एक ते दोन सगळी जेवायला बसतात. तेव्हा कुणी नाही."

"तेव्हा मी. माझीही जेवणाची सुट्टी तीच."

"रोज?"

"रोज."

"बोलायला सोपं आहे," सिस्टर म्हणाल्या. "आठ दिवस बघते, आजपासून. आठव्या दिवशी मी नाही म्हटलं तर रडायचं नाही. आणि आता जा, ते दुसरा पाय टाकतायत."

धाकटी पुढे गेली. आजवर ती दरवेळी 'नाना, मी आहे, चला घरी' म्हणत त्यांना ओढत आणायची. नाना हिसके द्यायचे. आज ती समोर जाऊन नुसती उभी राहिली. नानांनी पाय आत घेतला, सदरा खाली ओढला. डोळ्यांत ओळख नव्हती, पण अदब होती.

"ताई, दार तुमचं का?"

"हो," धाकटी म्हणाली. "माझंच."

"किल्ली आत राहिली असेल. राहते. लाजायचं काही कारण नाही." ते बाजूला सरले. "या."

ती त्यांच्या जवळून दाराबाहेर गेली. पायऱ्यांवर पोचून तिने वळून बघितलं. नानांनी रीत पाळली होती. पाठ तिच्याकडे, मान खाली.

"झालं," ती कशीबशी म्हणाली.

"कुलूप बदलून घ्या," नाना न वळता म्हणाले. "फार कच्चं आहे."

सिस्टरनी दार लावलं. आतून त्यांची हाक ऐकू आली, "काकू, विळी घेऊन इकडे या, लवकर!" मग पावलं, पाट सरकल्याचा आवाज, आणि मग काहीच नाही. धाकटी फाटकापर्यंत गेली आणि तिथून पुढे पाय उचलेना. मागे रस्ता घोंघावत होता. काकूंना नीट सांगितलं असेल ना? काकू पाणी प्यायला उठल्या तर?

खट्. लॅच सुटलं. दाराला फट पडली आणि नानांची बोटं दिसली.

"काकू, दार तुमचं का?"

आत शांतता. धाकटी परत पायऱ्यांकडे निघाली, मग पळायलाच लागली.

"अगंबाई, उघडलंत पण!" काकूंचा आवाज आला. "माझं हो, माझंच. बसा जरा. शेंगा सोलता का?"

दार आतून लागलं. धाकटी पायरीवर बसली. घड्याळात पाहिलं तर आठ दिवसांतली चार मिनिटं झाली होती.