महंतांच्या गादीवरची घोंगडी

मी एक जुनी घोंगडी आहे. काळी, जाड, अंगाला टोचणारी. मित्रांनो, टेकडीवरच्या मठाच्या गादीवर दोन महंत बसले, ते माझ्यावर बसले. तिसऱ्याच्या वेळी काय झालं, ते सांगते.

मला घडवलं सारजाबाईनं. खालच्या धनगरवाडीतली ती म्हातारी. तिनं घरच्याच मेंढ्यांची लोकर कातली, मला मागावर विणून घेतलं, चिंचोक्यांची खळ लावून उन्हात वाळवलं आणि खांद्यावर टाकून टेकडी चढली. उत्तरेश्वर महाराज तेव्हा नुकतेच महंत झाले होते. बसायला त्यांच्याकडे एक फाटकं पोतं होतं. सारजाबाईनं मला अंथरलं, तेव्हा ते म्हणाले, "बाई, या मठाचा महंत आता घोंगडीवरच बसंल. पण घोंगडी तुमच्या घरची. नवा महंत आला की तुमच्या घरच्यानंच अंथरायची. तुमी न्हाई अंथरली तर तो महंत न्हाई. अन् मठाच्या या पायऱ्यांच्या बारवेचं पाणी पयलं मेंढरांचं."

ते दिवस सुखाचे होते. कुणी दमूनभागून आलं की महाराज बाजूला सरकत आणि त्याला माझ्यावरच बसवून घेत.

ते गेल्यावर परमेश्वर महाराज आले. सारजाबाईच्या नातवानं, रामकिसननं, मला त्यांच्यासाठी अंथरलं. आठवडाभरात माझ्यावर लाल मखमल आली. मठ वाढला. शाळा झाली, वसतिगृह झालं, जमिनी आल्या. निवडणुकीला उभा राहणारा जो तो आधी महंतांच्या पाया पडू लागला. मी मखमलीखाली होते. वर्षानुवर्षं मला ना कुणी झटकलं, ना ऊन दाखवलं.

मग एक कोरडा उन्हाळा आला. महंतांनी बारवेला लोखंडी दार बसवलं आणि पाणी मठाच्या डाळिंबांना वळवलं. तहानेनं कासावीस झालेली रामकिसनची मेंढरं बागेत शिरली. महंतांनी ती कोंडून ठेवली. तीन दिवस. रामकिसन रोज मठाच्या दारात यायचा.

"महाराज, गाभण हायत त्या. घोटभर पाणी तरी पाजू द्या."

तिसऱ्या दिवशी महंत म्हणाले, "समद्यांपुढं पायरीवर डोकं ठेव. चुकलो म्हण."

त्यानं डोकं ठेवलं. कोंडवाड्याचं दार उघडलं तेव्हा चाळीस मेंढ्या पाय ताणून पडल्या होत्या. माझी लोकर ज्यांची, त्यांच्याच वंशातल्या त्या. त्या दिवसापासून मी महंतांना जमेल तितकं टोचत राहिले. पण मध्ये मखमल होती.

रामकिसननं मेंढरं सोडली आणि कडा गावाला साखर कारखान्यावर रखवालीला गेला. त्याची बायको छबुबाई मात्र उरलेल्या सहा मेंढ्या घेऊन वाडीतच राहिली. एकदाच ती मठात आली आणि एवढंच म्हणाली, "महाराज, घोंगडी आमची हाय. ध्यानात असू द्या." महंत हसले.

अकरा वर्षं गेली. महंतांचे गुडघे धरले, दम लागू लागला. आपल्या डोळ्यांदेखत पुतण्याला, पप्पूला, गादीवर बसवायचं त्यांनी ठरवलं. मोठा मांडव पडला. नांदूरघाटापासून वडवणीपर्यंतची माणसं आली, पुढाऱ्यांच्या गाड्या आल्या. टिळा लावायला सात गावचे मानकरी बसले. मखमल निघाली आणि छबुबाईला बोलावणं गेलं. ती आली. मागं रामकिसनही होता.

तिनं मला उचललं, माझी घडी घातली आणि खांद्यावर टाकली.

"अगं, अंथर ना. मुहूर्त टळायलाय," महंत म्हणाले.

"माझ्या मालकानं त्या पायरीवर डोकं ठेवलंतं. आज तुमी ठेवा."

मठाचा एक माणूस अंगावर धावला, "ए बाई, कुणाशी बोलायलीस?"

मानकऱ्यांतल्या सगळ्यांत वडील सुंदररावांनी हात वर केला. "थांब बे. घोंगडी तिची हाय."

महंतांनी पुतण्याकडे पाहिलं. मग दोघांच्या आधारानं ते पायरीशी आले, कण्हत वाकले आणि कपाळ दगडाला टेकवलं. "चुकलो," ते म्हणाले.

छबुबाईनं मला खांद्यावर घट्ट धरलं. ती म्हणाली, "माझ्या मालकानं बी असंच ठेवलंतं. तवा मेंढरं वाचली का?"

महंतांनी कपाळ दगडावरून उचललं.

"न्हाई वाचली. मग घोंगडी बी न्हाई."

ती मला घेऊन टेकडी उतरू लागली. मित्रांनो, खोटं कशाला सांगू? मला फार बरं वाटलं. मागाहून कळलं, वर सुंदररावांनी टिळ्याचं ताट खाली ठेवलं आणि मानकरी उठून गेले. पप्पू मखमलीवर बसला, पण त्याचं कपाळ कोरडंच राहिलं.

वाटेत रामकिसन हळूच म्हणाला, "म्हातारा रडत व्हता गं."

"रडू दे. माझ्या मेंढरांच्या डोळ्यांत तेवढं बी पाणी न्हवतं."

दिवाळीच्या आधीच परमेश्वर महाराज वारले. थंडी पडली आणि एका दुपारी पप्पू एकटाच, चालत वाडीवर आला. म्हणाला, "काकू, बारवेचं दार काढून टाकलंय. आता तरी चला अंथरायला."

अंगणात नुकतंच जन्मलेलं कोकरू कुडकुडत होतं. छबुबाईनं मला त्याच्यावर पांघरलं, चारी बाजूंनी नीट खोचलं आणि मगच मान वर केली.

"दार काढलंस, बरं केलंस. मेंढरं पाजू आमी. घोंगडी मातर आता कामात हाय."

तो टेकडी चढून परत गेला.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी हातानं करून दिलेली वस्तू असेल, तर तिला झटका, ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. आणि ज्यांच्या घरून ती आली, त्यांना तिच्याही आधी जपा. त्यांच्या तोंडचं पाणी तोडलंत, तर मी तरी तुम्हाला माफ करणार नाही.