नाल्यापलीकडची हाक

कार्तिकात आवळीखाली जेवायला जायचं म्हटलं की बयनाबाईच्या घरात दिवाळीपेक्षा जास्त गडबड उडायची. नेरडीगोंड्याच्या अलीकडच्या खेड्यात त्यांचा दोन एकरांचा मळा होता. वांगी, मिरची, कोथिंबीर लावायची आणि बाजारात नेऊन विकायची. विधवा बयनाबाई, थोरला मुलगा मारोतराव, त्याची बायको द्वारकाबाई, त्यांची सहा वर्षांची रेणुका आणि लग्नाचा राहिलेला धाकटा वामनराव, एवढी माणसं. मळा कोणाला एक दिवस सोडत नसे. आवळीचा तेवढा दिवस सुटीचा, आणि तो सगळा जंगलात चालण्यात जायचा.

नाल्यापर्यंत बैलगाडी. नाला ओलांडला की सागवानातून तासभराची पायवाट. मारोतराव रेणुकाला खांद्यावर घेऊन झाडं दाखवत चालायचा, हा धावडा, हा मोह, हे टेंभुर्णीचं. एरवी दिवसाकाठी चार शब्द न बोलणारा हा माणूस जंगलात शिरला की असा बोलका व्हायचा की द्वारकाबाईला त्याच्या मागून चालताना उगाचच लाज वाटायची. आठ वर्षांच्या संसारात त्याचं एवढं बोलणं तिला याच वाटेवर ऐकायला मिळालं होतं.

पुढं बयनाबाई. तिचे जंगलाचे कायदे जंगलखात्यापेक्षा कडक. शिट्टी घालायची नाही. वाघाला वाघ म्हणायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा कायदा चकव्याचा. चकवा म्हणजे रानात वाट चुकवणारं भूत. ते घरच्या माणसाचा हुबेहूब आवाज काढतं, पण त्याला आपलं नाव ठाऊक नसतं. म्हणून जंगलात नाव घेऊन हाक आली तरच ओ द्यायची. बिननावाची हाक आली तर पाठ फिरवायची आणि उलट्या दिशेनं चालू लागायचं. हे पोरांना दरसाल नाल्यावर घोकून घेतलं जायचं, आणि मारोतराव चाळिशीला आला तरी मान हलवून होय म्हणायचा.

द्वारकाबाईही होय म्हणायची. घरातल्या एका माणसाला आपण नावानं हाक मारूच शकत नाही, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नाही. बायकोनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं. तिनं ते लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं, तेवढंच. कायदे करणाऱ्या बयनाबाईच्या तरी कुठं ध्यानात आलं होतं?

शहाऐंशी सालची गोष्ट. पूजा झाली, आवळीला सूत गुंडाळून झालं, पळसाच्या पत्रावळीवर जेवणं झाली. परत नाल्यावर येईस्तोवर ऊन कलंडलं होतं, आणि तिथं कळलं की लोणच्याच्या आवळ्यांची पिशवी फांदीलाच अडकून राहिली. मारोतराव म्हणाला, मी घेऊन येतो, तुम्ही सगळे गाडीनं पुढं व्हा, पोरगी पेंगून राहिली. रेणुका खरोखरच आजीच्या मांडीवर झोपली होती. मारोतराव पुन्हा सागवानात शिरला आणि वामनरावानं बैल जुंपले.

गाडी हलली तशी द्वारकाबाई खाली उतरली. सासूला म्हणाली, मी थांबते, एकट्यानं यायचं म्हणजे वाट लांब वाटते. बयनाबाईनं नाक मुरडलं, पण गाडी काही थांबवली नाही. खरं तर द्वारकाबाईला परतीची वाट नवऱ्यासोबत एकटीनं चालायची होती. असं सुख मागून मिळत नाही, म्हणून तिनं ते गुपचूप घेतलं.

ती दगडावर बसून राहिली. दोनाचे तीन तास झाले. सागाच्या पानांखाली अंधार लवकर दाटतो. मग पलीकडून पाचोळा वाजला, आणि नवऱ्याचा खोकला ओळखू आला. तो पायवाट सोडून बराच वर, नाल्याच्या काठाकाठानं येत होता.

"अवो," तिनं हाक मारली. "अवो, इकडं. वाट इकडं हाय."

पाचोळा थांबला. तिनं पुन्हा हाक मारली. ओ आली नाही. पावलं वाजली, पण दूर जाणारी. तेव्हा तिला सासूचा कायदा आठवला. नाव घ्यायला हवं होतं. ऐकायला आसपास चिटपाखरू नव्हतं. तिनं तोंड उघडलं, नाव ओठांपर्यंत आलंही, पण ज्याच्या आयुष्यासाठी सगळे उपास केले त्याचंच आयुष्य अंधारात उभं राहून कसं घटवायचं? ती पुन्हा "अवो" म्हणूनच ओरडली, दहा वेळा, वीस वेळा. जितकं ओरडली तितकी पावलं लांब गेली.

ती धडपडत घरी आली. सांगितलं ते एवढंच, की वाट पाहिली, ते आलेच नाहीत. वामनराव कंदील आणि चार माणसं घेऊन गेला. मारोतराव सापडला सकाळी, नाल्याच्या वरच्या अंगाला. हायवेसाठी गिट्टी काढून तशीच उघडी टाकलेली खदान होती तिथं, तिच्या तळाशी. कमरेखालचं अंग त्याला हलवता येत नव्हतं.

निर्मलच्या दवाखान्यात न्यायला एक लॉरी थांबवली. वामनराव ड्रायव्हरशेजारी बसला. मागं खाटेवर मारोतराव, डोक्याशी द्वारकाबाई, पायाशी बयनाबाई. घाट उतरताना त्यानं डोळे उघडले.

"एक बाई बोलवून राह्यली होती," तो म्हणाला. "आवाज हिच्यावाणीच. पण नाव नाही घेतलं. मंग मी वळखलं, आन् उलटा फिरलो." थोडा दम घेऊन त्यानं बायकोकडं पाहिलं. "तू तं गाडीतच होती ना?"

द्वारकाबाईनं सासूकडं पाहिलं.

"गाडीतच होती रे," बयनाबाई म्हणाली. "माह्या बाजूले."

"मंग बरं केलं मी," मारोतराव म्हणाला आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. घाट संपायच्या आत तो गेला.

सासू-सुनेनं त्यावर पुन्हा कधी एक शब्द काढला नाही. गावात बयनाबाईच सांगत फिरली की माझ्या लेकाला चकव्यानं नेलं, पण शेवटपर्यंत त्यानं ओ दिली नाही. ती सुनेला वाचवत होती की स्वतःच्या कायद्याला, हे द्वारकाबाईला कधी विचारता आलं नाही. सात वर्षांनी म्हातारी गेली. मग ती गोष्ट एकट्या द्वारकाबाईच्या छातीवर येऊन पडली.

आवळीला जाणं बंदच पडलं होतं. पंच्याण्णव साली रेणुकानंच हट्ट धरला. पंधरा वर्षांची झाली होती, सोयरीक ठरली होती, आणि एकदा बाबांच्या वाटेनं जायचं म्हणत होती. वामनरावाची दोन लहान पोरं सोबत घेतली. नाल्यावर रेणुकानं त्यांना उभं केलं आणि आजीच्याच सुरात कायदा सांगितला. माझ्या बाबांना चकव्यानं हाकांवर हाका मारल्या, पण त्यांनी ओ नाही दिली, असं ती मोठ्या अभिमानानं म्हणाली. पोरांनी माना हलवल्या.

त्या हलणाऱ्या माना द्वारकाबाईला पाहवल्या नाहीत. तिनं पोरांना पाण्याशी खेळायला पाठवलं आणि लेकीला जवळ बसवलं.

"चकवा नव्हता," ती म्हणाली. "मी बोलवत होती. मी गाडीत नव्हती. इथंच उभी होती."

रेणुकानं आईकडं वळून पाहिलं.

"तू नाव काऊन नाही घेतलं?"

"त्याइचं आयुष्य घटते म्हून."

आपले हे शब्द नऊ वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या कानांवर पडले, आणि ते किती खुळे आहेत हे कळून तिला रडूही येईना. लेक रडेल, भांडेल, निदान काही बोलेल, असं तिला वाटलं होतं. रेणुका उठली. पोरांची बोटं धरून तिनं नाला ओलांडला आणि सागवानात शिरली.

"रेणुका," द्वारकाबाईनं हाक मारली.

पोरं थबकली, मागं वळून पाहू लागली. रेणुकानं त्यांना पुढं ओढलं.

"रेणुका, थांब नं माय." मग तिनं पुरं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, मोठ्यानं, जंगलाला ऐकू जाईल असं. "रेणुका मारोतराव!"

लेकीची पावलं पाचोळ्यात वाजत राहिली. तिनं ओ दिली नाही.