कोरा तंबोरा

अर्जुनराव साळवींचा विश्वास कोऱ्या बशीवर होता. पिंपरीला नव्याने उभ्या राहिलेल्या औषधांच्या कारखान्यात ते प्रयोगशाळेत कामाला होते. तिथे काचेच्या बशांमध्ये जंतू वाढवून त्यांच्यावर औषधाची मात्रा कितपत चालते, हे रोज पाहिले जाई. अशा प्रत्येक मालिकेत एक बशी मुद्दाम कोरी ठेवायची असते. तिच्यात काही पेरायचे नाही. बाकीच्या बशांत जे दिसले ते खरोखर पेरल्यामुळे, की वाऱ्यावर आलेल्या भलत्याच कशामुळे, याचा निवाडा ती कोरी बशी करते. ही सवय अर्जुनरावांनी घरापर्यंत आणली होती. भाजी खारट झाली म्हणण्याआधी ते चिमूटभर साखर जिभेवर ठेवून जीभ ठिकाणावर असल्याची खात्री करून घेत, आणि त्यांच्या पत्नी सुमनताई ते निमूटपणे पाहत.

सुमनताई गात. रत्नागिरीहून बिऱ्हाड हलवताना ट्रकमध्ये पाटा कलंडला आणि त्यांच्या जुन्या तंबोऱ्याचा भोपळा फुटला. त्यानंतर थोड्याच दिवसांत पुण्याच्या रेडिओ केंद्राकडून स्वरचाचणीचे बोलावणे आले. लग्नापूर्वी मुंबईला अशीच एक चाचणी त्यांनी दिली होती, आणि ‘आवाज बरा, पण पातळ’ एवढ्या शेऱ्यावर त्या परत आल्या होत्या.

“या खेपेला नाही झाले तर मी गाणे बंद करणार,” त्या म्हणाल्या. दूध संपले आहे, असे सांगावे तितक्या सहज म्हणाल्या; म्हणूनच अर्जुनरावांना ते खरे वाटले.

तंबोरा हवा होता. गिरगावातल्या ‘वागळे आणि मंडळी’ यांचे नाव तेव्हा मोठे होते. दांडीवर हस्तिदंताची नावपट्टी, आणि एक तंबोरा झाकावा अन् दुसरा काढावा इतके सगळे एकसारखे. अर्जुनरावांचे मत तिकडे होते. सुमनताईंनी मात्र चाकणच्या धर्माजींचे नाव काढले. धर्माजी वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच वाद्ये करत, आणि त्यांचा एक तंबोरा सुमनताईंनी चिंचवडच्या एका बैठकीत ऐकला होता.

“वागळ्यांचे तंबोरे एकसारखे असतात,” अर्जुनराव म्हणाले.

“म्हणूनच नको.”

“एकसारखे असणे हा दोष कधीपासून झाला?”

“मुली पाहत हिंडत होता तेव्हा हे सुचायला हवे होते.”

दोघे नाशिक रस्त्याची एस.टी. धरून चाकणला गेले.

धर्माजींचे दुकान किल्ल्याच्या खंदकामागे होते. आढ्याला भीमाकाठचे वाळके भोपळे टांगलेले, खाली तुणीच्या लाकडाच्या दांड्या, आणि चुलाण्यावर सरसाचे भांडे. धर्माजींनी सुमनताईंना बोलते केले, त्यांचा आवाज डोळे मिटून ऐकला, आणि काठीने एकेक भोपळा ठोकत अखेर एक खाली उतरवला.

“ह्यो,” ते म्हणाले. “भोपळा कापून, दांडी जोडून ठिवतो. तबली बसवायच्या दिशी मातूर बाईंनी याया पायजे.”

तबली म्हणजे भोपळ्याचे तोंड बंद करणारी लाकडी पाटी. ती बसवण्याआधी गाणाऱ्याने उघड्या भोपळ्यात तोंड घालून लांब सा लावायचा, आणि तो विरायच्या आत धर्माजींनी पाटी चिकटवायची, अशी त्यांच्याकडची रीत होती. तसे केल्यावाचून ते वाद्य बंद करत नसत.

“का?” अर्जुनरावांनी विचारले.

“माजा बाप करायचा.”

“आणि त्यांचे वडील?”

“त्यो सुतार व्हता. नांगर करायचा.”

“नांगरात कोण गात असे?”

धर्माजी मोकळेपणाने हसले. “खोटं कशाला बोलू साहेब? का करायचं ते मला ठाव न्हाई. केल्याबिगर ऱ्हायलो न्हाई, येवढंच.”

तबलीचा दिवस आला आणि नेमका सुमनताईंचा घसा सुजला. डॉक्टरांनी अवाक्षर न बोलण्याची ताकीद दिली. सरस नीट वाळायला वेळ लागतो आणि चाचणी तर तोंडावर आलेली, तेव्हा थांबणे शक्य नव्हते. सुमनताई कुजबुजल्या, “तुम्ही तरी सा लावा. नाहीतर गवराबाईंना लावायला सांगा. पण तसाच बंद करू देऊ नका.” गवराबाई म्हणजे धर्माजींची पत्नी.

अर्जुनरावांनी मान हलवली तेव्हा त्यांच्या मनात दुसरे काही नव्हते. विचार आला तो चाकणच्या वाटेवर, मोशीच्या पुढे, गाडीच्या खिडकीशी. धर्माजींच्या बापापासून आजवर प्रत्येक भोपळ्यात कोणी ना कोणी गायले होते. एकही कोरा नव्हता. ज्या प्रयोगात कोरी बशी कधी ठेवलीच नाही, त्याच्या निष्कर्षाला अर्थ काय?

“असाच बंद करा,” दुकानात पोहोचल्यावर ते म्हणाले.

धर्माजींचा सरसाचा कुंचला वाटेत थांबला. “तुमी तरी वरडा, साहेब.”

“मला गाता येत नाही.”

“वरडाया गानं कशाला लागतंय? बायकोचं नाव घ्या जोरात.”

“मी घालू का आवाज?” गवराबाई दारातून म्हणाल्या. “पन मंग त्यो तंबोरा सकाळच्या पारी कोंबड्या हाकलल.”

“कोणीच नको. तो कोरा राहू द्या. जबाबदारी माझी.”

धर्माजींनी पाटी बसवली आणि सुतळीने आवळली. भर दुपार होती. अंगणात गवराबाई सुपात बाजरी पाखडत होत्या, रस्त्याने कांद्याच्या गाड्या चालल्या होत्या. अर्जुनरावांनी सहज तबलीला ठेवलेल्या बारीक भोकाशी कान लावला. पोकळ वस्तू कानाशी धरली की गाज ऐकू येते, आणि ती बाहेरच्याच आवाजांची असते, हे त्यांना ठाऊक होते. या भोपळ्यात गाज नव्हती. कान लावला असता सुपाचा आवाजही बंद झाला. कान काढला तसा पुन्हा सुरू झाला. सरस ओला असेल, पाटी अजून कंप पावत नसेल, असे त्यांनी स्वतःला सांगितले. ते कारण अगदीच टाकाऊ नव्हते.

घरी सुमनताईंनी नजरेनेच विचारले. “झाले सगळे व्यवस्थित,” अर्जुनराव म्हणाले.

तंबोरा आला, सुमनताईंचा घसा बरा झाला, आणि रियाज सुरू झाला. वाद्य असे काही लागले की अर्जुनरावांनी मनातल्या मनात धर्माजींच्या रितीचा निकाल लावून टाकला. कोऱ्यानेच बाजी मारली होती. दिवसागणिक त्याचा नाद भरत चालला. नव्या वाद्याचे लाकूड खुलते, हेही शास्त्राला धरूनच होते.

मग एका सकाळी शेजारच्या इंदुताई वाटीभर डाळीचे पीठ मागायला आल्या. “काय हो, गाणे रुसले वाटते? चार दिवस झाले, नुसताच तंबोरा ऐकू येतो भिंतीतून.”

सुमनताई हसल्या. त्या चारही दिवस त्या सकाळभर गायल्या होत्या.

अर्जुनराव दुसऱ्या दिवशी रियाजाच्या वेळी घराबाहेर जाऊन उभे राहिले. खिडकीतून सुमनताई दिसत होत्या. मान किंचित वर, गळ्याची शीर ताणलेली, तोंड उघडे. ऐकू येत होता फक्त तंबोरा. भिंत काही विशिष्ट कंपने शोषून घेते, म्हणून ते दारात आले. तिथेही तेच. ते आत येऊन त्यांच्या पुढ्यात बसले तेव्हा कुठे आवाज ऐकू आला, आणि तोही सायीसारखा वरवरचा. सुमनताईंचे डोळे मात्र तृप्त होते. गाणाऱ्याला आपला आवाज हाडांतून ऐकू येतो. त्यांना तो तिथून पुरेसा मिळत असावा, किंवा मांडीशी टेकलेल्या भोपळ्यातून.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली. सुमनताई दळण आणायला गेल्या होत्या, आणि इंदुताई दारातून म्हणाल्या, “आज मात्र छान लागला हो आवाज. भावजी, तुम्ही बसला होतात वाटते समोर?” घरात अर्जुनराव एकटेच होते, आणि झोपलेले होते. इंदुताईंच्या कानांवर त्यांचा विश्वास नव्हता. पण कोपऱ्यातल्या तंबोऱ्याच्या तारांवर बोट ठेवले तेव्हा त्या अजून थरथरत होत्या.

ते तसेच मुंबईला गेले आणि वागळ्यांचा तंबोरा घेऊन आले. काही न सांगता त्यांनी तो सुमनताईंच्या हाती दिला. वाद्य नावाला साजेसे होते: स्वच्छ, नेमके, कुठेही बोट ठेवायला जागा नाही. सुमनताईंनी तो जुळवला, श्वास घेतला आणि सा लावला. खोलीत वागळ्यांचा तंबोरा वाजत राहिला, आणि त्यावर फुंकर घातल्यासारखी हवा. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा हवाच. तोपर्यंत कोपऱ्यातला चाकणचा तंबोरा त्यांच्या सुराला सूर देऊ लागला होता, कोणी न छेडता, भरघोस आणि गोल. एका वाद्याच्या नादाने दुसरे वाजते, हे अर्जुनराव विद्यार्थ्यांना शिकवू शकले असते. फक्त जो स्वर तिथून येत होता, तो वागळ्यांच्या एकाही तारेवर नव्हता. तो बाईचा होता.

सुमनताईंनी तंबोरा खाली ठेवला. “चाकणला भोपळ्यात कोण गायले?”

“कोणीच नाही,” अर्जुनराव म्हणाले, आणि कोऱ्या बशीची सगळी हकिगत सांगितली.

सुमनताईंनी विचारले, “आणि तुमच्या कोऱ्या बशीत काही उगवले तर काय करता?”

“ती कोरी राहिली नाही असे धरतो. फेकून देतो.”

“कोरी बशी उघडी राहिली तर तिच्यात काही ना काही उगवणारच ना?”

“हो,” अर्जुनराव म्हणाले. “जे जवळ असेल ते.”

दुसऱ्या दिवशी ते चाकणला गेले. धर्माजींनी सगळे ऐकून घेतले, आणि त्यांना नवल वाटल्याचेही दिसले नाही, भीती वाटल्याचेही नाही. “तबली उघडता यील. तापवून सुरी घालायची. पन आतलं बाईकडं जाईल, का वाऱ्यावर इरून जाईल, ते कसं सांगू? रिकामा भोपळा म्या ह्यो येकच बंद केलाय.”

“तुमचा अंदाज?”

“अंदाजानं मी तारांखालची घोडी घासतो, साहेब. माणसाचं न्हाई करत.”

निर्णय सुमनताईंनी घेतला. वागळ्यांच्या तंबोऱ्यावर त्या चाचणीत हवा गाणार, हे उघड होते. तबली उघडली तर एक शक्यता होती, आणि तीही दोन्हींकडे झुकणारी. “मी चाकणचा नेणार,” त्या म्हणाल्या. आता बोलतानाही त्यांच्या शब्दांना काठ उरला नव्हता. “चाचणी होऊ दे. मग पाहू.”

रेडिओ केंद्रात परीक्षक दुसऱ्या खोलीत बसत. गाणारा त्यांना दिसत नसे. अर्जुनरावांना बाहेरच्या बाकावर जागा मिळाली. तिथून जाड काचेतून स्टुडिओ दिसत होता. एक तरुण अभियंता सुमनताईंच्या तोंडासमोर मायक्रोफोन लावून गेला. त्यांनी तारा छेडल्या, तोंड उघडले. अभियंत्याने कानावरचे यंत्र सारखे केले, कपाळाला आठी घातली, परत आत आला. त्याने मायक्रोफोन डावीकडे सरकवला, मग उजवीकडे, मग खाली. शेवटी तो भोपळ्यासमोर गुडघाभर उंचीवर नेऊन ठेवला, हाताने ‘असू द्या’ अशी खूण केली आणि बाहेर आला.

“बाईंची बसण्याची पद्धत वेगळी आहे,” तो अर्जुनरावांना म्हणाला. “आवाज फार खालून येतो.”

अर्जुनरावांनी त्याची चूक दुरुस्त केली नाही. कारण दुरुस्त करायला चूक कुठे होती?

सुमनताई निवडल्या गेल्या. परीक्षकांनी आवाजाचा भरीवपणा विशेष वाखाणला, असे कळवण्यात आले. निकालाच्या दिवशी अर्जुनरावांनी चाकणला जायची तयारी केली, कपडे घातले, तंबोऱ्याला हात घातला. सुमनताईंनी तो मांडीवरून सोडला नाही. त्यांचे ओठ हलले ते अर्जुनरावांनी वाकून, अगदी तोंडाशी कान नेऊन ऐकले.

“माझ्या गळ्यात हा कधी असा लागला नव्हता,” त्या म्हणत होत्या. “पातळच होता. तिथे त्याला चांगली जागा मिळाली आहे.”

“आणि तुमचे काय?”

त्यांनी खांदे उडवले आणि तारांवरून बोट फिरवले.

पहिल्या कार्यक्रमाला सुमनताई एकट्याच पुण्याला गेल्या. अर्जुनरावांनी तो इंदुताईंकडच्या रेडिओवर ऐकला. सगळी आळी गोळा झाली होती. इंदुताईंनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, “भिंतीतून ऐकण्यात आणि यात किती फरक पडतो, भावजी.” अर्जुनराव हो म्हणाले. असा भरलेला आवाज त्यांनी स्वतःही कधी ऐकला नव्हता, आणि आपण तो ऐकत असताना पत्नीचा चेहरा डोळ्यांसमोर येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले.

संध्याकाळी सुमनताई टांग्यातून उतरल्या. तंबोरा नेहमीच्या कोपऱ्यात टेकवला, हातपाय धुतले, चुलीपाशी बसल्या. अर्जुनराव नीटनेटके गृहस्थ. त्यांनी खुंटीवरची नवी गवसणी काढली आणि तंबोऱ्यावर धूळ बसू नये म्हणून ती चढवू लागले.

“अहो, चहात आलं घालू का,” सुमनताईंचा आवाज आला, स्वच्छ, घरभर ऐकू जाईल असा, आणि शेवटच्या शब्दापाशी उशीखाली गेल्यासारखा दबला.

चुलीपाशी सुमनताई त्यांच्याकडे वळून पाहत होत्या. ओठ अजून हलत होते.

अर्जुनरावांनी गवसणी पुन्हा काढून घेतली. ती घडी करून त्यांनी ट्रंकेत तळाशी ठेवली, आणि कोपऱ्याकडे तोंड करून म्हणाले, “घाला थोडे.”