चारचौघांत मावशी

आधी माझ्याकडे एकदा नीट बघून घ्या, म्हणजे नंतर चोरून बघायला नको. मी एक टोप आहे. जाड स्पंजचा, मातकट रेक्झिनचा, हनुवटीखाली बकल लावायचा. लढाईवर जाणारा नव्हे, आणि मोटारसायकलवर मिरवणारा तर मुळीच नव्हे. ज्या मुलांच्या मेंदूला मार लागलाय, ज्यांचा चालता चालता तोल जातो किंवा अचानक फिट येते, त्यांचं डोकं सांभाळणं हे माझं काम.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. शेजारच्या टेबलावर सायकलवाल्यांची हेल्मेटं बनायची, लाल-पिवळी, चकचकीत, अंगावर विजेचे पट्टे ओढलेली. त्यांचा थाट बघून मी खट्टू व्हायचो. मला शिवणाऱ्या कारागिरानं मला उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "दिसायला काही खास नाही, पण पोराचं डोकं सांभाळेल." माझं तेवढंच काय ते कौतुक झालं. आपल्या रूपाची लाज वाटायला मी तिथेच शिकलो.

ज्याच्या डोक्यावर मी आलो तो दुसरी-तिसरीत शोभेल एवढा मुलगा. त्याचे बाबा त्याला 'राजे' म्हणतात. पहिल्या दिवशी मला त्याच्या डोक्यावर चढवून ते म्हणाले, "काय राजे, मुकुट टोचत नाही ना?" घरातलं कुणी हसलं नाही, पण बाबांनी विनोद करणं सोडलं नाही. बेकरीत काम करतात ते. पहाटे जातात, दुपारी परततात, आणि जेवता जेवता पेंगतात. आई पडदे शिवते. पूर्वी दुकानात बसून शिवायची, आता मशीन घरी आणलंय. एक डोळा सुईवर, एक डोळा राजेवर.

राजे पडला तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. जे सांगतोय ते येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं. बागेतल्या उंच घसरगुंडीच्या शिडीवरून तो डोक्यावर पडला. आई समोरच्या बाकावर होती. फोन आला म्हणून तिनं तोंड वळवलं होतं, बस, एवढंच. तेव्हापासून त्याचा उजवा पाय ओढतो, आणि बोलायला लागला की शब्द त्याला पटकन सापडत नाहीत. समजतं मात्र सगळं. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण त्याच्या डोक्याच्या इतकं जवळ दुसरं कुणी बसलेलं नाही.

सुरुवातीला माणसांची रीघ लागली होती म्हणे. कुणी डबा आणला, कुणी फळं आणली. पण प्रत्येकाच्या तोंडी आधी "अगंबाई, कसं झालं हो?" आणि मग थोडा वेळ गेला की हळूच, "पण तुमचं लक्ष कुठे होतं?" माणसांची ही एक अजब खोड आहे. दुःखाची विचारपूस करायला येतात आणि जाताना पंचनामा करून जातात. आई आत जाऊन चहाचं आधण ठेवायची आणि तिथेच उभी राहायची. नंतर तर माणसंच यायची थांबली, आणि खरं सांगू, तिला हायसं वाटलं.

बाहेर जायची वेळ आली की ती माझ्यावरून लोकरीची टोपी ओढायची. भर उन्हाळ्यात! मी दिसू नये म्हणून. त्यामुळे राजेचं डोकं भोपळ्याएवढं दिसायचं आणि लोक दुप्पट बघायचे. आतमध्ये आम्ही दोघं घामानं निथळायचो. मला वाटायचं, हे सगळं माझ्यामुळे. मी नसतो तर पोरगं चारचौघांसारखं दिसलं असतं, आणि ही बाई मान वर करून चालली असती.

राजेचा व्यायाम करून घ्यायला एक ताई येतात. त्यांनीच एकदा सांगितलं, "अशा मुलांचे आईबाबा दर शनिवारी सकाळी शाळेच्या एका वर्गात जमतात. जाऊन तर बघा." आई म्हणाली, "बघू." तिचं 'बघू' म्हणजे 'नाही'. पण बाबा हात धुऊन मागे लागले. "अगं, तू कुणाशी बोलतेस? माझ्याशी बोलायला जातेस तर मी घोरत असतो. जा ना, मी बेकरी सोडून येऊ शकत नाही, नाहीतर मीच गेलो असतो."

गेलो एकदाचे. वर्गात लहान मुलांचे बाक होते, आणि त्यांच्यावर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. दाराशी एक जाडजूड काकू उभ्या होत्या. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. त्यांच्या मुलीला लहानपणीच मार लागला होता. ती आता चांगली मोठी झालीये आणि कोपऱ्यात मुलांना घेऊन लाकडी मणी ओवत बसली होती. काकूंनी राजेकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि टोपी जरा वर सरकवत म्हणाल्या, "अहो, केवढं उकडत असेल याला! तुमचा का हा?"

आईनं तोंड उघडलं. मला वाटतं, तिला 'हो'च म्हणायचं होतं. पण 'हो'च्या मागोमाग तो दुसरा प्रश्न येतो, हे तिला पाठ झालं होतं.

"बहिणीचा," ती म्हणाली. "माझ्या बहिणीचा मुलगा. तिला नोकरीतून वेळच मिळत नाही. मी मावशी."

राजेचा हात तिच्या हातात होता. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा खाली घातली. मला तेव्हा रेक्झिनच्या प्रत्येक टाक्यातून लाज वाटली. कुणाची, ते मलाही सांगता येणार नाही.

आणि गंमत बघा, खोटं बोलल्यावर ती बाई मोकळी झाली! त्या दिवशी ती जेवढं बोलली तेवढं मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. बहीण कशी झोपत नाही, बहीण आंघोळ करताना कशी रडते, बहिणीला कुणाकडे जावंसं वाटत नाही. शेवटी तर म्हणाली, "तिचंच चुकलं खरं. फोनवर बोलत बसली होती."

तिथे एक बस कंडक्टर होते, त्यांच्या मुलीच्या मेंदूत ताप गेला होता. ते म्हणाले, "तुमच्या बहिणीला माझा निरोप द्या. म्हणावं, आम्ही सगळेच कुठे ना कुठे दुसरीकडे बघत होतो. एकदा इथे येऊन बस म्हणावं."

"सांगते," आई म्हणाली, आणि पदरानं नाक पुसलं.

परत येताना रस्त्यात राजे थांबला. त्याला तहान लागली होती. पाण्याच्या बाटलीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "मावशी... पाणी."

आईला वाटलं, चुकून म्हणाला. घरात पाऊल ठेवलं तर पुन्हा 'आई'. पण दुसऱ्या दिवशी जिन्यात शेजारीण भेटली, आणि तिच्यासमोर पुन्हा 'मावशी'. किराणावाल्यासमोर मावशी. दवाखान्याच्या बाकावर मावशी. घरात आली की आई, दाराबाहेर पडली की मावशी.

आता तुम्ही म्हणाल, एवढं साधं आईबाबांच्या लक्षात कसं आलं नाही? अहो, एकदा डोक्याला मार लागला की त्या मुलाचं सगळंच डोक्याच्या खात्यात जमा होतं. तो चिडला, मार लागल्यामुळे. हट्ट केला, मार लागल्यामुळे. तोही आपला विचार करून काही करत असेल, हे कुणाच्या मनातच येत नाही. बाबांचे विनोद बंद झाले. "विसरायला लागलाय," ते म्हणाले. "घरात ओळखतो, बाहेर गोंगाटात ओळखत नाही. वाढतंय की काय हे?" आई त्याच्यापुढे बसून विचारायची, "राजे, मी कोण?" तो म्हणायचा, "आई." तिला तेवढ्यापुरता धीर यायचा, आणि बाहेर पडल्यावर तो धीर पुन्हा जायचा.

मला सगळं माहीत होतं. रस्त्यात कुणी समोरून आलं की त्याच्या कपाळाची शीर माझ्या पट्टीखाली ताठ व्हायची. आठवण करायचा तो, आठवण! बाहेर मावशीच म्हणायचं, चुकायला नको, आईला खाली बघायला लागायला नको. पण देवानं टोपाला बकल दिलंय, तोंड दिलेलं नाही.

"त्या काकूंना विचार," बाबा म्हणाले. "त्यांच्या मुलीचं असं कधी झालं होतं का. त्यांना माहीत असेल." आईनं पुष्कळ टाळाटाळ केली. जावं तर खोटं उघडं पडायचं, आणि न जावं तर पोरगं आपल्याला पार विसरेल ही भीती. शेवटी ती भीतीच जास्त झाली.

पुन्हा तोच वर्ग, तेच बाक. राजे कोपऱ्यात मणी ओवायला बसला. आई बराच वेळ हातातला रुमाल पिळत राहिली, मग म्हणाली, "काकू, एक विचारायचं होतं. हा... म्हणजे बहिणीचा मुलगा... विसरायला लागलाय हो. मावशी म्हणतो."

"कोणाला?"

"मला."

काकूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मग बरोबरच आहे की. तुम्ही मावशीच ना?"

कंडक्टर हसणार होते, पण आईचा चेहरा बघून थांबले.

"मी मावशी नाही," ती म्हणाली. "मला बहीणच नाही. माझाच आहे तो. फोनवर मीच बोलत होते. मला इथे सगळ्यांसमोर सांगायची लाज वाटली. त्या दिवशी त्याचा हात माझ्या हातात होता, तरी मी... आणि आता तो मला खरंच विसरला हो!"

कुणीही विचारलं नाही, लक्ष कुठे होतं म्हणून. काकू उठून तिच्याजवळ येत होत्या, पण त्यांच्या आधी राजे उठला. पाय ओढत, बाकांना धरत तो वर्गाच्या मधोमध आला. मण्यांची दोरी तशीच हातात. त्यानं सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. शब्द शोधताना त्याचं कपाळ माझ्या आत गरम झालं होतं.

"आता..." तो म्हणाला. "इथे... आई म्हटलं... तर चालेल?"

आई त्या लहानशा बाकावरून खाली जमिनीवरच बसली. तिनं मला दोन्ही हातांनी धरलं, म्हणजे त्याचं डोकंच, आणि मला तोंड लावून रडली. इतके दिवस तिनं मला फक्त लपवायला हात लावला होता. "चालेल रे," ती म्हणत होती. "चालेल, चालेल. चुकलं माझं." कंडक्टर खिडकीकडे तोंड करून उगाचच गज मोजत उभे होते. मागून कुणीतरी म्हणालं, "मी पहिल्यांदा आलो तेव्हा शेजाऱ्याच्या मुलीसाठी आलोय असं सांगितलं होतं." त्यावर दोघं-तिघं हसले, आणि रडता रडता आईही हसली.

रात्री हे कळल्यावर बाबा राजेच्या पायाशी बसून म्हणाले, "आम्हाला वाटलं, राजांना विसर पडला. अहो, राजे तर आमचीच अब्रू सांभाळत होते."

आता आम्ही त्या वर्गातलेच झालोय. मधल्या एखाद्या दिवशी काकूंची मुलगी घरी येते, राजेपाशी बसते, आणि आई दार लावून दुपारभर झोपते. कंडक्टरांनी माझा पट्टा आतून मऊ कापडानं मढवून दिला, हनुवटीला घासायचा म्हणून. लोकरीची टोपी धुऊन कपाटात गेली. पूर्वी आई एकटी आधणाशी उभी राहायची, आता तिला वाटलं की फोन करायला माणसं आहेत. माझं रेक्झिन तडकलंय, स्पंज दबलाय. राजे वाढतोय, मी लवकरच त्याला लहान पडेन. त्याचं वाईट वाटत नाही.

वाईट वाटतं ते वेगळंच. आई आता कुठेही, कुणालाही, कुणी न विचारताच सांगते, "हा माझा मुलगा." पण राजेची सवय अजून गेलेली नाही. रस्त्यात कुणी अनोळखी समोर आलं आणि टक लावून बघायला लागलं की हाक मारण्याआधी तो क्षणभर थांबतो. आधी त्या माणसाकडे बघतो, मग आईच्या तोंडाकडे. ती मान हलवते, आणि मगच तो "आई" म्हणतो. तेवढ्या क्षणात त्याचं कपाळ माझ्याखाली ताठ होतं. आईलाही ते कळतं. तिचा हात माझ्यावर येतो आणि तिथेच टेकून राहतो.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगायचंय, हात नसले तरी. कधी आम्ही तुमच्या वाटेत आलो तर माझ्याकडे खुशाल बघा, मी बघण्यासारखा नसलो तरी. पण बघून झालं की थोडं हसा, आईला "कशा आहात?" एवढंच विचारा. त्या पोराला आपल्याच आईला हाक मारायला परवानगी मागावी लागू नये.