मीटर कोणी बंद केलं?

अच्छाडच्या नाक्यावरून व्हॅन वळून परत तलासरीकडे निघाली, तरी वेगाच्या मीटरचा काटा शहाण्या मुलासारखा चाळीसवर उभा होता. गॅरेजवाले हरिश्चंद्र मिस्त्री डाव्या सीटवरून वाकून त्याच्याकडे टक लावून बसले होते. गाडी हिरकणी चालवत होती. मागच्या सीटा काढून टाकलेल्या, त्यामुळे गाडीचा मालक प्रितम रिकाम्या पत्र्यावर मांडी घालून बसला होता आणि प्रत्येक खड्ड्याला हळूच कण्हत होता.

"बघा काका, तुम्ही बसलात तर चालतं. ही एकटी असली की बंद," तो म्हणाला.

हिरकणीने गिअर बदलला.

प्रितमच्या घरची घोलवडला चिकूची नर्सरी. तिथली कलमं डोंगराकडच्या गावांत पोचवायचं काम दोन वर्षं हिरकणीकडे होतं. ती मूळची उधव्याच्या बाजूचीच, त्यामुळे तिकडचे रस्ते आणि माणसं दोन्ही तिच्या ओळखीची. पण महिन्याभरापासून वाटेतच काटा शून्यावर पडायचा, किलोमीटर मोजणं थांबायचं आणि संध्याकाळी गाडी परत येईपर्यंत सगळं ठीक झालेलं असायचं. प्रितमने हिशेब लावला की बाई मीटरचा प्लग काढते आणि गाडी भाड्याने फिरवते. मनात ठेवला असता तरी एक वेळ चाललं असतं, पण त्याने तो नर्सरीतल्या सगळ्या बायांसमोर मोठ्याने बोलून दाखवला. आता मिस्त्रींनी "हात लागलाय" एवढे दोन शब्द उच्चारले की हिरकणीने उद्यापासून यायचं नव्हतं.

मिस्त्रींचाच शब्द का? तर तरुणपणी हायवेवर त्यांनी कित्येक ड्रायव्हरांना असे प्लग काढून दिले होते आणि हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, या न्यायाने जुनं पाप म्हातारपणी त्यांची अब्रू होऊन बसलं होतं. याची त्यांना लाजही वाटायची आणि थोडी गंमतही.

गॅरेजात आल्यावर त्यांनी स्कॅनर लावला. गतीचा सिग्नल मध्येच तुटतो, एवढं त्याने सांगितलं. काय बिनसलंय ते स्कॅनर सांगतो, का बिनसलं ते आपलं आपण शोधायचं. मागची चाकं जॅकवर उचलून गाडी गिअरमध्ये चालवली, काटा बिनतक्रार वर चढला. वायरीत करंट बरोबर होता. दुसऱ्या कोणी नवा सेन्सर बसवून गिऱ्हाईक वाटेला लावलं असतं. पण कारण कळल्याशिवाय मिस्त्रींना घास गोड लागत नसे. त्यांची बायको दक्षा यावरून त्यांना रोज दोन शब्द ऐकवायची.

ते गाडीखाली सरकले. गिअरबॉक्सवर अंगठ्याएवढा सेन्सर असतो, चाकं किती वेगाने फिरतात ते तो मीटरला कळवतो. त्याचा प्लग काढून त्यांनी उजेडात धरला. आतल्या पिनांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पुटं चढली होती. मिस्त्रींनी नखाने थोडी खरवडली आणि सरळ जिभेला लावली.

खारट होती.

प्रितमने तोंड वाकडं केलं. मिस्त्री मात्र खूश झाले. हाताने काढलेल्या प्लगवर ओरखडे येतात, मीठ येत नाही, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. मग हे मीठ आलं कुठून? समुद्र काही गाडीत चढत नाही. त्यांनी वर पाहिलं. प्लगच्या बरोबर डोक्यावर गिअरच्या दांड्याचं रबर फाटलेलं होतं.

बाहेर येऊन त्यांनी डॉक्टरसारखी विचारपूस सुरू केली. काटा कधी पडतो, कुठे पडतो, गाडी भरलेली असते का? हिरकणी म्हणाली की बोर्डी मागे पडली की थोड्या वेळात पडतो, आणि भरलेली असली तरच.

"बोर्डीला काय करतेस, बाय?"

तिने आधी प्रितमकडे पाहिलं. प्रितमचे डोळे लगेच चमकले. मिस्त्रींना वाटलं, आपणच पोरीला खड्ड्यात ढकललं की काय. त्यांना मनापासून वाईट वाटलं, तरी उत्तर ऐकायचा मोह आवरेना.

"पाणी घालते," ती शेवटी म्हणाली. "सावलीला गाडी थांबवते आणि कलमांना पाणी घालते. नर्सरीतूनच दोन कॅन भरून नेते."

"गाडीत पाणी घालू नको म्हणून सांगितलं होतं ना? पत्रा सडतो," प्रितम म्हणाला.

"सांगितलं होतं. पण उन्हात माना टाकतात ती. मेलेलं झाड घेऊन गेले तर गावातली माणसं तुम्हाला नावं नाय ठेवत. मला ठेवतात."

मिस्त्री कामाला लागले होते. गाडीतल्याच कॅनच्या तळाशी उरलेलं पाणी त्यांनी चाखलं. नर्सरीची बोअर समुद्राजवळची, पाणी मचूळ. चिकूला ते चालतं, प्लगला नाही. ब्रेक लागला की पत्र्यावरचं पाणी पुढे येणार आणि फाटक्या रबरातून खाली प्लगवर ठिबकणार; संध्याकाळपर्यंत वाळलं की काटा पुन्हा ठीक. प्लग परत जोडून, चाकं फिरती ठेवून त्यांनी दांड्याच्या बुडाशी अर्धा मग ओतला. तिघं काट्याकडे बघत राहिले. काटा थरथरला, वीसवर आला आणि शून्यावर जाऊन पडला. मिस्त्रींनी मांडीवर थाप मारली. साठीच्या माणसाला इतका आनंद व्हावा असं त्यात खरं तर काही नव्हतं.

प्रितम मानेमागे हात फिरवत राहिला. मग म्हणाला, झालं ते झालं ताई, उद्या सकाळी कलमं भरायची आहेत, लवकर या.

मिस्त्रींनी पिना साफ केल्या, ग्रीस भरलं, नवं रबर बसवलं. ते उठणार तोच हिरकणी गाडीजवळ उकिडवी बसली.

"मिस्त्री, प्लगला रंग लावा."

संशयी मालक तसं करून घेतात. प्लगच्या सांध्यावर लाल रंगाचा थेंब सोडायचा, प्लग काढला की रंगाला तडा जातो आणि चोरी पकडली जाते. मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात असे थेंब खरवडलेच होते. लावायला कुठल्या ड्रायव्हरने सांगितल्याचं त्यांना आठवेना.

"आता कशाला?" प्रितम ओशाळून म्हणाला. "माझा विश्वास आहे ना."

"तुमचा असू द्या," हिरकणी म्हणाली. "मला रंग पाहिजे."

मिस्त्री ब्रश घेऊन पुन्हा खाली सरकले. लावून बाहेर आले आणि म्हणाले की वाळायला पंधरा मिनिटं लागतील. प्रितम चहाच्या निमित्ताने रस्ता ओलांडून गेला. हिरकणीने मिस्त्रींच्या हातातून बॅटरी घेतली आणि त्या थेंबावर उजेड धरून, रंग वाळेपर्यंत, ती गाडीशेजारी बसून राहिली.