तोंडात बोळा, आकाशात स्फोट

ताईचा दात काढायला काही केल्या मुहूर्त लागत नव्हता. दुखणं जुनं, दंतवैद्य घरचाच, म्हणजे सख्खा धाकटा भाऊ, आणि तरीही बाई महिनोन्‌महिने गाल धरून हिंडत होती. कारण विचारलं की एकच उत्तर: "ड्यूटीवर आहे रे. फोन आला तर?" घरात दोन डॉक्टर होते, एक दातांचा आणि एक आकाशाचा. त्यातल्या दुसऱ्याचा आजवर कुणाला काडीचा उपयोग झाला नव्हता. हे मत भावाचं नव्हे, खुद्द ताईचं होतं.

तिचं काम सांगायला सोपं होतं. फार फार दूर कुठेतरी एखादा तारा मरतो आणि गॅमा किरणांचा स्फोट होतो. तो जेमतेम काही सेकंद टिकतो. वर फिरणारा उपग्रह तो टिपतो आणि स्फोटाची जागा लगेच जगभरच्या खगोलवाल्यांच्या फोनवर कळवतो. मागे काही तास मंद उजेड रेंगाळतो, तो विझायच्या आत जमिनीवरच्या दुर्बिणीने गाठायचा. ताईने यात उमेदीची सगळी वर्षं घातली आणि तिला एकही उजेड गाठता आला नव्हता. कधी चंद्र आडवा यायचा, कधी जागा नेमकी क्षितिजाखाली असायची, आणि ढग तर तिच्या पाचवीलाच पुजलेले. परिषदांमध्ये लोक तिला संशोधनाचं विचारत नसत, हवामानाचं विचारत.

भावाच्या दवाखान्याच्या उद्घाटनाला फीत कापायचा मान तिचा होता. तिने कात्री हातात घेतली आणि फोन वाजला. बाई कात्रीसकट पळाली. फीत शेवटी भावाने ब्लेडने कापली, आणि तिकडे दुर्बिणीवर ढग निघाले. ती कात्री अजून ताईच्या टेबलाच्या खणात पडून होती. भाऊ ती अधूनमधून मागायचा. हसत मागायचा, पण मागायचा.

आता मात्र पाणी गळ्याशी आलं होतं. दुसऱ्याचं निरीक्षण मध्येच थांबवून दुर्बीण वळवायचा ताईच्या गटाला हक्क होता. महिनाअखेरपर्यंत एक तरी उजेड सापडला नाही तर हा हक्क बंद, असं संचालकांनी स्वच्छ सांगितलं होतं. महिना संपतच आला होता. ताईने मनातल्या मनात हात टेकले, आणि म्हणूनच ती दात काढायला आली.

"कापसाचा बोळा घट्ट दाबून धर," दात ट्रेमध्ये टाकत भाऊ म्हणाला. "आता बोलायचं नाही. तुला जड जाईल, पण जगाला जरा आराम."

आणि फोन वाजला.

ताईने स्क्रीन बघितली आणि ती खुर्चीत सरळ उठून बसली. ताजा स्फोट होता, चांगला प्रखर. इथे भर दुपार होती, पण दुर्बीण पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, तिथे रात्र होती आणि चक्क आकाश निरभ्र होतं. तिने स्पीकर लावून दुर्बिणीच्या ऑपरेटरला फोन केला.

"कोण बोलतंय?"

"ऊंऊं," ताई म्हणाली.

भावाने फोन काढून घेतला. "मी त्यांचा भाऊ. त्यांचा दात काढलाय, बोलता येत नाही. कुठेतरी स्फोट झालाय म्हणे. दुर्बीण वळवा."

"तसं नाही चालत हो," ऑपरेटर शांतपणे म्हणाला. "ड्यूटीवरच्या माणसाला स्वतःच्या आवाजात सांगावं लागतं. लेखी चालत नाही, निरोप चालत नाही. मॅडमचाच नियम आहे."

होता. अक्षरन्‌अक्षर तिचाच होता. एका उत्साही विद्यार्थ्याने भलताच संदेश पाठवून दुर्बीण वळवली होती, तेव्हा ताईने ताडकन हा नियम लिहिला आणि बैठकीत टाळ्याही घेतल्या. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर तो असा मुद्देसूद.

तिने बोळा काढून फेकला. ओठ एका बाजूला लोंबत होता, जीभ बधिर होती. त्या अवस्थेत ती ऑपरेटरला जे बोलली त्यात एक शब्द धड नव्हता, नुसते हकार आणि भकार. जोर मात्र पुरेपूर होता.

"पटलं," ऑपरेटर म्हणाला. "एवढं फक्त मॅडमच रागावतात. आकडे सांगा."

भावाने ताईच्या फोनवरचे आकडे एकेक करून वाचले. नियमाप्रमाणे ऑपरेटरने ते परत म्हणून दाखवले, आणि ताईने नवा बोळा चावत मोठ्या अधिकाराने "हं" केलं.

दुर्बिणीने काढलेला फोटो आला, तो भावाने एक्स-रे बघायच्या पडद्यावर लावला. शेजारी त्याच जागेचा काही वर्षांपूर्वीचा फोटो. पांढऱ्या आकाशावर काळे ठिपके, कारण खगोलवाले फोटो असा उलटाच बघतात. जुन्या फोटोत नसलेला एखादा ठिपका नव्या फोटोत आहे का, एवढंच शोधायचं होतं. ताईने शोधलं. इथे सगळेच ठिपके नवे होते. एकही तारा जुळेना.

भाऊही वाकून बघत होता. एक्स-रे बघण्यात त्याचा जन्म गेलेला. "ताई," तो म्हणाला, "हे दोन एकाच पेशंटचे नाहीत."

तिने फोन पुन्हा बघितला. दुसऱ्या आकड्याच्या आधी एक बारीक रेघ होती. उणे. पहिल्याच तासाला ती विद्यार्थ्यांना बजावायची की उणे विसरलात तर भलत्याच आकाशात जाल. भावाने ती रेघ वाचलीच नव्हती, आणि तो बिचारा का वाचेल? पण "हं" कोणी म्हटलं होतं? ताईला हसावं की रडावं कळेना, आणि मग खरंच रडू फुटलं. आयुष्यात एकदा ढग नव्हते, तर आज तीच ढग झाली होती. तिने औषधांच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'उणे राहिलं. जाऊ दे. विझला असेल.'

"जाऊ दे काय?" भाऊ चिडला. "माझा पेशंट बाहेर ताटकळलाय तो उगाच?" आणि त्याने स्वतःच ऑपरेटरला सांगितलं, "अहो, आमचं चुकलं. तिथे उणे आहे. वळवा परत."

या वेळी ऑपरेटरने म्हटलेलं उणे नीट ऐकूनच ताईने "हं" केलं. सगळे तारे जुळले. आणि एका धूसर दीर्घिकेच्या कडेला एक ठिपका जास्तीचा होता.

ताईने तोंडावर हात धरला. अजून काही नक्की नव्हतं. ठिपका मंदावला तरच तो स्फोटाचा. पुढच्या फोटोसाठी दोघं थांबली. भावाने बोळा बदलला, बाहेरच्या पेशंटची माफी मागून आला. फोटो आला. ठिपका फिकट झाला होता. काहीतरी विझताना बघून ज्यांच्या जिवात जीव येतो अशी ही विचित्र जमात, आणि ताई तिची सगळ्यात रडकी सभासद.

"किती जुना उजेड म्हणायचा हा?" भावाने विचारलं.

तिने लिहिलं, 'मोजायचंय. बहुधा पृथ्वीच्याही आधीचा.'

"आणि घाई बघा बाईंची."

तिने जगभर सूचना पाठवली. थोड्याच वेळात फोन आला. एका फार मोठ्या दुर्बिणीचे प्रमुख होते, दर वेळी ताईच्या आधी पोचणारे. आज ढग त्यांच्याकडे होते, आत्ता कुठे ते पांगत होते. दुर्बीण वळवण्याआधी त्यांना खात्री हवी होती.

ताईने सवयीने तोंड उघडलं, "ऊं" केलं आणि फोन भावापुढे धरला.

"त्यांना बोलता येत नाहीये," भाऊ म्हणाला. "हो, नक्की. दोन फोटो ताडून बघितलेत. हो हो, आमचाच आहे. लिहून घ्या. आणि आधी उणे, बरं का. उणे विसरू नका."

फोन ठेवून त्याने हात धुतले आणि नवे हातमोजे चढवले. ताई खुर्चीतून उठली. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, दोन्ही एकाच रुमालाने पुसत दाराशी गेली आणि थबकली. चिठ्ठीवर काहीतरी लिहून तिने त्याच्या हातात दिलं: 'उद्या कात्री आणून देते.'

भावाने वाचलं. "राहू दे तुझ्याकडेच," तो म्हणाला, आणि बाहेरच्या पेशंटला आत बोलावलं.