चक्कीवरचं घर

माझी एक खोड आहे. गाण्याआधी गिटार जुळवताना मी हमखास सांगते, "माझ्या गाण्यात एक अक्षर खोटं नसतं." टाळ्या पडतात. अहिराणी गाणी मीच लिहिते, मीच चाल लावते, खोलीत बसून मोबाइलवर रेकॉर्ड करते आणि टाकते. चार वर्षं कुत्रं विचारत नव्हतं. मग 'चक्कीना वर' गाजलं आणि मी हवेत गेले.

ते गाणं दिपमालाचं. धुळ्याच्या कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. दीड वर्षापूर्वी तिनं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि भाऊ जिवंत सोडणार नाहीत म्हणून नवऱ्यासोबत भुसावळला जाऊन लपली. पत्ता एकट्या मला दिला, तोही शपथ घालून. मी तो कुणालाही सांगितला नाही. मी शहाणीनं त्याचं गाणं मात्र केलं.

निया जिना, चक्कीना वर,
मनी सखीनं धाकलं घर.

निळा जिना, पिठाच्या चक्कीवरचं छोटं घर, सगळं तिनं सांगितलं तसंच; पुढच्या कडव्यात रेल्वे इंजिनांचा भोंगाही होता. गावाचं नाव तेवढं गाळलं होतं आणि एवढ्यावर मी स्वतःला हुशार समजत होते.

परवा रविवारी सकाळी धुळ्यात एका वाचनालयाच्या हॉलमध्ये माझा कार्यक्रम होता. मध्यंतरात एक तरुण पेढ्यांचा पुडा घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज.

"ताई, मी नवल. दिपमालाना मोठा भाऊ. घरमा तुमनं नाव लई लेये ती."

पेढा माझ्या हातातच राहिला.

"ते चक्कीवालं गानं म्हना ना. त्यानासाठेच उनू."

तो पहिल्या रांगेत जाऊन बसला. मोबाइल मांडीवर ठेवला.

टाळलं तर संशय येणार, गायलं तर पत्ताच सांगितल्यासारखं. मग मला अक्कल सुचली. मी जिना हिरवा केला, चक्कीच्या जागी शाळा घातली, भोंग्याच्या जागी देवळाची घंटा. मागच्या रांगांमधल्या पोरी मूळ ओळी म्हणत होत्या आणि मी वरच्या पट्टीत हिरवा जिना रेटत होते. घामानं तारांवरून बोटं सटकत होती. नवल मात्र मान डोलावत होता.

गाणं संपल्यावर तो स्टेजपाशी आला.

"ताई, तुमना गानास्मा खोटं नई ऱ्हास ना?"

"नई," सवयीनं तोंडातून निघून गेलं.

"मंग आज कसाले बदललं?"

मी गिटारच्या खुंट्या पिळायला लागले. त्याला उत्तर नकोच होतं.

"माले नुसती शंका व्हती," तो म्हणाला आणि तिथंच उभं राहून त्यानं फोन लावला. "हां. तेच घर शे. चढा वर."

मी दिपमालाला फोन लावला. तिनं लगेच उचलला. मागे चक्कीची घरघर चालू होती.

"दिपे, दार उघाडू नको!"

"काय वं? मोठाई बोल, खाले दयन चालू शे."

मी जिवाच्या आकांतानं ओरडले. हॉलमधली माणसं वळून बघायला लागली.

"काहीच आयकू नई येत, हेमे," ती हसली. "एक मिनिट धर, जिनावर कोनीतरी येल शे."